पाप आणि बाप

‘पाप’, ‘बाप’ आणि ‘माप’ हे तीन शब्द आरशासमोर उभं राहून, आवाज न काढता म्हणून पाहा. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. ‘ब’ला गळ्यात कंप असतो, ‘म’ला नाकात घुमारा असतो, ‘प’ला दोन्ही नसतं, पण गळ्यातलं आणि नाकातलं समोरच्याला दिसत नाही. कर्णबधिरांच्या शिक्षकांचं प्रशिक्षण घेताना, १९७५ साली, हे मला शिकवलं गेलं. मी वहीत त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि पेन खाली ठेवलं. आमच्या वसईच्या घरातली संध्याकाळ डोळ्यांसमोर आली होती.

सात वाजता रोझरी. भिंतीवरच्या वेदीपुढे मेणबत्ती, पुढे गुडघ्यांवर आजी, तिच्यामागे आई-बाबा, आणि माझ्या शेजारी माझा धाकटा भाऊ. जन्मापासून ठार बहिरा. तो वेदीकडे पाहत नसे. बाबांच्या तोंडाकडे मान वळवून बसे आणि त्यांचे ओठ हलले की आपले हलवी. एका दशकात ‘प्रणाम मरिये’ दहा वेळा, म्हणजे पाप्यांचा उल्लेख दहा वेळा. आणि स्वर्गातल्या बापाला हाक एकदा. माझ्या भावाच्या लेखी हे सगळे अकराच्या अकरा एकच. देव आणि आपला अपराध, दोघांचा चेहरा एकच, आणि त्यातही अपराधाचीच भरती दहापट. त्याला नीट यायची ती फक्त क्रुसाची खूण. ती तो आमच्यापेक्षा नेटकी करायचा. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा. खूणच ती.

लॅटिन मिस्सेच्या काळात त्याचं काही अडलं नव्हतं. तेव्हा फादर वेदीकडे तोंड करून, आम्हाला पाठ दाखवून, कोणालाच न कळणाऱ्या भाषेत पुटपुटायचे. घंटा, धूप, गुडघे टेकणं, उठणं यावरूनच सगळ्यांना काय चाललंय ते समजायचं. अख्खं चर्चच बहिरं होतं म्हणा ना. १९६०च्या दशकाच्या मध्यावर मिस्सा मराठीत आली, फादर आमच्याकडे तोंड करून उभे राहिले, आजीला धन्य धन्य झालं, आणि माझा भाऊ त्या दिवसापासून एकटा पडला.

१९६६ साली त्याच्या पहिल्या कन्फेशनची वेळ आली. तो नऊ वर्षांचा होता. आमच्या चर्चमधली ती लाकडी पेटी तुम्ही पाहिली नसली तरी तशीच दुसरी कुठे तरी पाहिली असेल. मध्ये फादर, बाजूला गुडघे टेकायची फळी, आणि मध्ये बारीक भोकांची जाळी. चेहरा दिसू नये, फक्त आवाज जावा, म्हणून ती घडवलेली आहे. सुताराने तिच्यात कानाची सोय केली आणि डोळ्यांची वाट बंद केली. माझा भाऊ आत गेला. फादर त्याच्या बोलण्याची वाट पाहत राहिले आणि तो जाळीत काही दिसण्याची. बराच वेळ गेल्यावर तो उठला, पुढून वळसा घालून गेला आणि त्याने फादरांच्या पुढचा पडदा सरळ बाजूला केला. रांगेतल्या बायका हसल्या. मग त्याने फादरांच्या झग्याला धरून हातांनी काहीतरी सांगायला सुरुवात केली. कोपर अंगाशी धरून फडफड, मग काहीतरी भिरकावल्यासारखं, मग बोट आमच्या वाडीच्या दिशेला. “कोंबडीची नक्कल करतोय,” कोणीतरी म्हणालं. फादर बाहेर आले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि आईला म्हणाले, “अशा लेकरांना कसलं पाप, बाय? ती तर थेट स्वर्गात जातात.” त्याच्या हातात त्यांनी संत अंतोनीचं एक चित्र दिलं.

आईने डोळ्यांना पदर लावला. ही गोष्ट आमच्या घरी पुढे वीस वर्षं कौतुकाने सांगितली गेली. मीही सांगायचे. भाऊ मात्र त्या दिवशी घरी येताना ते चित्र रहाटाच्या पाटात सोडून आला. ते कोणी सांगत नसे.

त्या फादरांना मी दोष देत नाही. भला माणूस होता. पण त्यांच्या त्या वाक्यात काय दडलं होतं, ते मला फार पुढे, एका फ्रेंच पाद्र्याच्या चरित्रामुळे उमगलं.

त्याआधी थोडं शास्त्र. संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात, दहाव्या अध्यायात, श्रद्धा ऐकण्यातून उपजते असं म्हटलं आहे. त्या एका वचनाने किती जणांना दाराबाहेर बसवलं याची मोजदाद नाही. संत ऑगस्टीनसारख्या माणसानेही एका ठिकाणी बहिरेपण श्रद्धेच्या आड येतं असं लिहून ठेवलं. गंमत अशी की त्याच ऑगस्टीनने दुसरीकडे, बहिरी माणसं हातवाऱ्यांनी संभाषण करतात हे नोंदवलं आहे. म्हणजे त्याने ते पाहिलं होतं. मी शाळेत नोकरीला लागल्यावर आमच्या स्टाफरूममध्ये ही चर्चा एकदा निघाली, तेव्हा एक संस्कृतवाले सहकारी हसून म्हणाले, “म्हणजे तुमच्याकडेही श्रुतीच!” त्यांनीच मला सांगितलं की मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जन्मांध आणि बधिराला वारसाहक्कातून वगळलेलं आहे, आणि ती आडकाठी कायद्याने दूर व्हायला १९२८ साल उजाडावं लागलं. रोमन कायद्यातही जन्मतः मूकबधिर असलेल्याला मृत्युपत्र करता येत नसे. देवाचं वचन नाही आणि बापाची जमीनही नाही. दोन्ही एकाच कानातून जातात, असा सगळीकडचा समज दिसतो.

आता तो फ्रेंच पाद्री. शार्ल-मिशेल द लेपे, जन्म १७१२, व्हर्साय. घरचा बरा. पाद्री व्हायला निघाला तर जान्सेनवाद आडवा आला. माणूस पापाने इतका पोखरलेला आहे की देवाच्या कृपेवाचून त्याला गती नाही, अशी ती कडक शिकवण. रोमने तिचा निषेध केला होता आणि त्या निषेधाच्या कागदावर प्रत्येक पाद्र्याने सही करायची होती. लेपेने केली नाही. मग त्याने कायद्याचा अभ्यास केला, एका सहानुभूती असलेल्या बिशपच्या हातून त्रुआ इथे दीक्षा घेतली, पण तो बिशप वारला आणि पॅरिसच्या वरिष्ठांनी याला प्रवचन करायची आणि कन्फेशन ऐकायची मनाई केली. ज्या पाद्र्याला लोकांचं ऐकायला बंदी, असा हा माणूस वयाच्या पंचेचाळिशी-पन्नाशीत जवळजवळ बेकार होता.

१७६०च्या सुमाराला तो पॅरिसच्या एका घरात गेला. दोन मुली शिवण घेऊन बसल्या होत्या. त्याने विचारलं, त्यांनी मान वर केली नाही. आई आल्यावर कळलं, जुळ्या बहिणी, दोघी बहिऱ्या. वानाँ नावाचे एक फादर त्यांना चित्रं दाखवून धर्म शिकवत होते, ते वारले आणि शिकवणी थांबली. लेपेने पुढे स्वतः लिहिलं की या मुली धर्म न कळता जगतील आणि तशाच मरतील हे त्याला सहन होईना.

हे मी प्रथम वाचलं तेव्हा मला लेपेचा राग आला होता. दोन मुली सुखाने शिवत बसल्यात आणि याला त्यांच्या नरकाची चिंता! आमचे फादर किती प्रेमळ, त्यांनी तर फुकट स्वर्ग दिला. पण जसजशी वर्षं गेली तसतसं माझं मत फिरलं. फुकट स्वर्ग आपण कोणाला देतो? तान्ह्या बाळाला, वेड्याला, गाईला. ज्याच्याकडून कसलाच हिशेब मागायचा नाही, त्याला. लेपे कडक होता. त्याच्या लेखी त्या दोघी पापाला पात्र होत्या, म्हणून क्षमेला पात्र होत्या, म्हणून त्यांच्याशी बोलणं भागच होतं. दयेने माझ्या भावाला चर्चच्या पायरीवर बसवलं. भीतीने त्या मुलींना घरात घेतलं.

आणि खरोखरच घरात. पॅरिसच्या रू दे मुलाँ या गल्लीतल्या आपल्या घरातच त्याने शाळा मांडली, बहुतेक स्वतःच्या पैशावर. गरिबांची मुलंही येत. त्याचा मोठा शोध असा, की मुलांना बोलायला लावण्याआधी त्यांच्या हातांतलं आपण शिकावं. पॅरिसच्या बहिऱ्या माणसांच्या खुणा त्याने घेतल्या आणि त्यातून फ्रेंच लिहायला शिकवलं. आपली पद्धत त्याने लपवून ठेवली नाही. कोणीही यावं आणि पाहून जावं. १७७७ साली ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा योझेफ येऊन गेला आणि दोन वर्षांनी व्हिएन्नात शाळा निघाली.

‘माझी श्रद्धा आहे’ हे लेपे कसं शिकवी, ते त्याने लिहून ठेवलंय, आणि ते मला फार आवडतं. आधी स्वतःकडे बोट. मग कपाळावर हात नेऊन होकार, म्हणजे बुद्धी हो म्हणते. मग छातीवर, मन हो म्हणतं. मग ओठांवर, तोंड हो म्हणतं. आणि शेवटी डोळ्यांकडे बोट नेऊन नकार, म्हणजे डोळ्यांनी मात्र अजून पाहिलेलं नाही. ‘मी’ सोडून चार खुणा. ज्या मुलांचं सगळं जग डोळ्यांतून आत येतं त्यांना हा माणूस सांगतोय की श्रद्धा म्हणजे जे डोळ्यांनाही दिसलेलं नाही त्याला तीनदा हो म्हणणं. पौलाचं वचन त्याने मोडलं नाही, फक्त त्यातून कान काढून टाकला. तीस वर्षांच्या धर्मशिक्षणात मला श्रद्धेची इतकी नेमकी फोड कोणी करून दाखवली नव्हती.

पण लेपेचंही एक चुकलं. आणि ती चूक माझ्या ओळखीची आहे, कारण ती शिक्षकाची आहे. मुलांच्या खुणा त्याला अर्धवट वाटल्या. त्यांना फ्रेंच व्याकरण शिकवायला हवं होतं. म्हणून त्याने आपल्या पदरच्या खुणा तयार केल्या. पुल्लिंगी उपपदासाठी टोपीच्या कडेला हात, कारण पुरुष टोपी काढून नमस्कार करतात. स्त्रीलिंगी उपपदासाठी कानाजवळ हात, कारण बायकांची टोपी तिथे संपते. भूतकाळासाठी हात खांद्यामागे फेकायचा, एकदा, दोनदा, तीनदा, जसा भूतकाळ तसा. (मराठीची तीन लिंगं त्याच्या वाट्याला आली असती तर काय झालं असतं देव जाणे.) अशा खुणांनी वाक्य सांगितलं की मुलं फळ्यावर बिनचूक उतरवत. प्रयोग पाहायला मोठमोठी माणसं येत, आणि फ्रेंचच काय, लॅटिन, इटालियन, स्पॅनिश वाक्यंही मुलं लिहून दाखवत. टाळ्या पडत. पण आपली मुलं स्वतःच्या मनातलं स्वतः लिहू लागतील अशी आशा खुद्द लेपेने फारशी धरली नव्हती. मुलं उतरवत होती. बोलत होती ती वर्ग सुटल्यावर, आपसांत, आपल्या भाषेत.

हे जगाला कळलं ते एका बहिऱ्या कारागिराकडून. पिएर देलोझ, पुस्तकबांधणी करणारा, सातव्या वर्षी देवीच्या रोगात बहिरा झालेला. त्याने १७७९ साली पुस्तक छापलं. लेपेची बाजू घेऊन, खुणांना नावं ठेवणाऱ्या दुसऱ्या एका पाद्र्याला उत्तर म्हणून. पण त्यात तो सहज सांगून गेला की पॅरिसमध्ये बहिऱ्यांची भाषा आधीपासून आहे, तो स्वतः कोणत्याही शाळेत न जाता ती दुसऱ्या एका बहिऱ्या माणसाकडून शिकला, आणि तिच्यात कशाहीबद्दल बोलता येतं. म्हणजे लेपे काही त्या भाषेचा जनक नव्हे. तो तिच्या दारात उभा राहिलेला पहिला मोठा ऐकणारा.

माझा भाऊही पुस्तकबांधणीतच होता. गिरगावातल्या एका छापखान्यात तीस वर्षं फर्मे दुमडले, जुजबंदी केली, खळ लावली. आणि तोही खुणांची भाषा शाळेत शिकला नाही. ती शिकला संध्याकाळी चर्चगेट स्टेशनच्या फलाटावर, जिथे मुंबईभरची बहिरी माणसं कामावरून सुटून थांबत, आणि एकामागून एक गाड्या सोडून देत. तिथेच त्याला नाव मिळालं. बाप्तिस्म्याचं नाव त्याने कधी ऐकलेलं नाही. त्याचं खरं नाव इथे लिहिता येत नाही. डाव्या भुवईवर दोन बोटं आपटायची, तिथे लहानपणी रहाटाच्या चाकाने खोक पडली होती.

पॅरिसच्या शाळेत असंच एक नाव होतं. लोराँ क्लेर. लहानपणी विस्तवात पडून गाल भाजलेला, म्हणून गालावरून दोन बोटं खाली. लेपे १७८९ साली वारला. क्रांती त्याच वर्षी सुरू झाली होती. मग शाळा सरकारी झाली, लेपेनंतरचे प्रमुख आबे सिकार १७९२ साली पकडले गेले. तेव्हा त्यांचा बहिरा शिष्य झाँ मासियू याने त्यांच्या सुटकेसाठी राष्ट्रीय सभेकडे अर्ज नेला. हा मासियू बोर्दोकडचा, मेंढरं राखणारा पोरगा, सहा भावंडं, सहाही बहिरी. आपल्या बालपणाबद्दल त्याने लिहिलंय की घरचे प्रार्थनेला बसले की तोही गुडघे टेकून ओठ हलवत असे, काही न कळता. आणि त्याला वाटे की हे सगळं आकाशासाठी चाललंय. तो आकाशाची भक्ती करत होता, देवाची नव्हे. मी ते वाचलं तेव्हा मला बाबांच्या तोंडाकडे मान वळवलेला माझा भाऊ दिसला, सातच्या मेणबत्तीच्या उजेडात.

मासियू आणि क्लेर पुढे त्याच शाळेत शिक्षक झाले. १८१५ साली सिकार दोघांना घेऊन लंडनला गेले, तिथे त्यांना थॉमस गॅलोडेट हा अमेरिकन तरुण भेटला. तो इंग्लंडमध्ये पद्धत शिकायला आला होता, पण तिथल्या घराण्याने ती धंद्याची गुपितं म्हणून कुलपात ठेवली होती. पॅरिसने दार उघडलं. १८१६च्या उन्हाळ्यात क्लेर आणि गॅलोडेट जहाजात बसले. बावन्न दिवसांचा प्रवास. एकजण दुसऱ्याकडून इंग्रजी शिकतोय आणि दुसरा पहिल्याकडून खुणा. क्लेर कॅथलिक, गॅलोडेट प्रोटेस्टंट, म्हणून करारात क्लेरला त्याच्या धर्माविरुद्ध काही शिकवायला लावणार नाही असंही कलम होतं. १५ एप्रिल १८१७ला हार्टफर्डला शाळा उघडली. म्हणून आजही अमेरिकन माणसाच्या खुणा पॅरिसच्या नात्यातल्या आहेत आणि इंग्रजी बोलणाऱ्या ब्रिटनच्या खुणा त्याला कळत नाहीत.

आपल्यापर्यंत मात्र पॅरिस पोचलं नाही. आपल्याला मिलान मिळालं.

सप्टेंबर १८८०. बहिऱ्यांच्या शिक्षणावरची परिषद. १६४ प्रतिनिधी, त्यात बहिरा एक. अध्यक्ष ज्युलियो तार्रा, हाही पाद्रीच. त्याचं म्हणणं असं की वाणी हा देवाने माणसात फुंकलेला श्वास आहे आणि हातांच्या खुणा नुसत्या कल्पनेला चाळवतात, उदात्त विचार त्यांना पेलत नाही. ठराव १६० विरुद्ध ४ने झाला. शाळांतून खुणा हद्दपार. फ्रान्सनेही मान डोलावली आणि लेपेच्याच शाळेत मुलांचे हात आवरले गेले. त्याच धर्माने दार उघडलं होतं, त्याच धर्माच्या नावाने ते लावलं. पाचच वर्षांनी, १८८५ साली, मुंबईत बिशप लिओ म्युरिन यांनी भारतातली पहिली मूकबधिरांची शाळा काढली. तेव्हा जगभर वारं बोलण्याचंच होतं, आणि पुढची शंभर वर्षं आपल्याकडच्या बहुतेक वर्गांतून तेच वाहिलं.

त्या वाऱ्यात मीही उभी होते. माझ्या टेबलावर एक मेणबत्ती असायची. ‘प’ म्हटलं की ज्योत हलली पाहिजे, ‘ब’ म्हटलं की तितकी नाही. मुलाचा एक हात माझ्या गळ्यावर, एक त्याच्या स्वतःच्या. कागदाची पट्टी, आरसा, पीस. सहा वर्षांचं लेकरू अर्धा तास फुंकून फुंकून लाल व्हायचं तेव्हा कुठे एक ‘पाणी’ निघायचं, तेही त्याच्या आईला कळेल असं. आणि मुलाने तहान लागल्याची खूण केली तर मी पाणी देत नसे. “हात खाली. तोंडाने माग.” वर्गात माझं वाक्य ठरलेलं होतं, “हातांवर बसा.” तीस मुलं आपापले तळवे मांड्यांखाली घेऊन बसायची. त्या वर्षांत मला आदर्श शिक्षिकेचं प्रशस्तिपत्रकही मिळालं. घरी भाऊ यायचा आणि मी त्याच्याशीही ओठ ताणताणून बोलायचे. तो माझ्याकडे पाहून मान हलवायचा. त्याला काय कळे ते मी कधी तपासलं नाही.

ते संस्कृतवाले सहकारी निवृत्त होताना मला एक कागद देऊन गेले. पतंजलीने महाभाष्यात म्हटलंय, शब्द न वापरताही कितीतरी अर्थ कळतात, डोळे मिचकावल्याने, हात हलवल्याने. शब्दाला ब्रह्म मानणाऱ्यांच्या देशातला, व्याकरणाचा मेरुमणी, दोन हजार वर्षांपूर्वी. कागदाखाली त्यांनी लिहिलं होतं, ‘बाईंच्या वर्गासाठी.’ टोमणा होता की भेट, ते मी विचारलं नाही.

मग मी पौलाचं पत्रही पुन्हा उघडलं. ते वचन मला तोंडपाठ होतं, पण त्याच्या पुढचं मी कधी लक्ष देऊन वाचलं नव्हतं. ‘श्रद्धा ऐकण्यातून’ म्हणून झाल्याबरोबर पौल विचारतो की लोकांनी ऐकलं नाही का, आणि उत्तरादाखल एका स्तोत्राचा आधार घेतो. एकोणिसावं स्तोत्र. ते काढून पाहिलं. तिथे आकाश देवाचा महिमा सांगतंय, आणि स्तोत्रकार म्हणतो की त्याला ना बोल आहेत ना आवाज, तरी ते पृथ्वीच्या टोकापर्यंत पोचतं. म्हणजे पौलाने ‘ऐकणं’ म्हटलं ते या मुक्या आकाशाच्या बळावर! मासियूची भक्ती फार चुकलेली नव्हती तर. मार्काच्या शुभवर्तमानात येशू बहिऱ्या माणसाला बरं करतो, तिथेही ‘एफ्फाथा’, म्हणजे ‘उघड’, हा शब्द सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी तो त्याला गर्दीतून बाजूला नेतो, त्याच्या कानांत बोटं घालतो, जिभेला स्पर्श करतो, वर आकाशाकडे पाहतो, उसासा टाकतो. ज्याला ऐकू येत नाही त्याला आधी सगळं हातांनी सांगून घेतो. माझ्या भावाच्या बाप्तिस्म्याला फादरांनी त्याच विधीप्रमाणे त्याच्या कानांना बोट लावून तोच शब्द उच्चारला होता. कान उघडले नाहीत, म्हणून आम्ही विधीचा तेवढाच अर्थ धरून बसलो.

१९८४ साली भावाचं लग्न झालं, चर्चगेटच्या फलाटावरच भेटलेल्या मुलीशी. तेव्हाचे फादर तरुण होते. त्यांनी नुकतीच निघालेली धर्मसंहिता उघडून दाखवली. बोलता येत नसेल तर वधूवरांनी संमती खुणांनी द्यावी. दोघांनी दिली. कन्फेशनलाही दुभाषी चालतो, आणि त्या दुभाष्यावरही गुप्ततेची सक्ती असते, असंही त्यांनी सांगितलं. मी उत्साहाने भावाला म्हटलं, चल, मी येते. त्याने हसून नाही म्हटलं. कोणत्या हातांनी येणार होते मी?

ते हात मी निवृत्तीनंतर कमावले, वहिनीकडून, अठ्ठावन्नाव्या वर्षी. अजूनही लहान मुलासारखे अडखळतात. वहिनी ‘बाप’ म्हणजे मिशीला पीळ देते, आणि देवबाप म्हणताना पीळ देऊन बोट वर नेते. ‘पाप’ला भावाची स्वतःची खूण आहे, छातीवरचा डाग नखांनी खरवडावा तशी. दोन्हींत गफलत होणं शक्य नाही.

२०१३ साली आमच्या गावचा एक गट लूर्दला निघाला, परतताना पॅरिस दोन दिवस. भावाला मी बरोबर घेतलं. सगळे आयफेल टॉवरला गेले, आम्ही दोघं रू सँतोनोरेवरच्या सँ-रॉक चर्चमध्ये. लेपे तिथे पुरलेला आहे. बाजूच्या एका चॅपलमध्ये त्याचं स्मारक, वर त्याचा अर्धपुतळा, खाली त्याच्याकडे पाहणारी दोन मुलं. भावाने हाताने विचारलं, हा कोण? मी सांगू लागले. जुळ्या बहिणी, शिवण, घरातली शाळा. मध्येच अडकले, तर त्याने माझा हात धरून खूण सुधारली. मग त्याने विचारलं, याचं नाव काय? मी बोटांनी अक्षरं जुळवायला लागले तर वैतागून म्हणाला, तसं नको, नाव. मला माहीत नव्हतं. फ्रेंचमध्ये ‘लेपे’चा अर्थ तलवार, एवढं सांगितलं. त्याने क्षणभर विचार केला आणि कमरेची म्यान धरून सपकन तलवार उपसली, पार शिवाजी महाराजांच्या सिनेमातल्यासारखी. दोन बाकं पलीकडे बसलेल्या बाईंनी वळून पाहिलं. आमचा आवाज होत नव्हता, पण गोंगाट होत असावा.

मागच्या भिंतीला कन्फेशनची पेटी होती. आमच्या गावच्यासारखीच, जाळी आणि पडदा. भावाने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला खिडकीच्या उजेडात ओढून समोर उभं केलं. मग त्याने सांगितलं. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी फादरांच्या झग्याला धरून जे सांगायचं होतं ते, पहिल्यापासून शेवटपर्यंत. फार तर दीड मिनिट लागलं. एकदा मी हसले, तर त्याने मला दटावलं. शेवटी त्याने छातीवरचा डाग खरवडला आणि थांबून माझ्याकडे पाहत राहिला. क्षमा करायचा अधिकार मला नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं. मी फक्त कळलं अशी मान हलवली.

ते काय होतं, हे इथे लिहिता येणार नाही. दुभाष्यालाही गुप्ततेची सक्ती आहे. त्यात एक कोंबडी आहे, एवढं तर गावालाच ठाऊक होतं.